नाणेसंग्रहाचे फोल्डर व अल्बम

नाणेसंग्रहाचे फोल्डर व अल्बम ही जमवलेली नाणी क्रमाने मांडण्याची, पाहण्याची आणि सुरक्षित ठेवण्याची साधने आहेत. पुठ्ठ्याची भोके असलेली घडी, दोन्ही बाजू दाखवणारा पट्टीचा अल्बम, पारदर्शक कप्प्यांची पाने, पुठ्ठ्याच्या लहान चौकटी, गोल डब्या (कॅप्सूल) आणि खाचांचे ट्रे असे त्यांचे मुख्य प्रकार आहेत. साधन कोणते निवडावे हे नाण्याचा धातू, आकार, जाडी, स्थिती, संग्राहकाचा हेतू आणि राहत्या ठिकाणचे हवामान यांवर ठरते. चुकीच्या साधनामुळे नाण्याच्या पृष्ठभागाची होणारी हानी बहुधा कायमची असते. नाण्यावरील लेख, चिन्ह, वर्ष व टांकसाळीची खूण हाच नाणकशास्त्राचा मूळ पुरावा असल्यामुळे साठवणुकीचा प्रश्न केवळ सजावटीचा राहत नाही.

इतिहास

युरोपात प्रबोधनकाळापासून विद्वान व राजघराणी प्राचीन नाणी जमवीत. चौदाव्या शतकातील इटालियन कवी पेत्रार्क हा रोमन नाण्यांचा नामांकित संग्राहक होता. अशा संग्रहांसाठी उथळ खणांची लाकडी कपाटे बनवली जात. प्रत्येक खणात गोल खाचा असत आणि नाण्याखाली माहितीची चिठ्ठी ठेवली जाई. वस्तुसंग्रहालयांत ही पद्धत सुधारित स्वरूपात आजही चालू आहे.

सामान्य माणसाच्या हाती आलेले स्वस्त साधन विसाव्या शतकातले आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील जे. के. पोस्ट यांनी १९३४ च्या सुमारास एक सेंटच्या नाण्यांसाठी भोके पाडलेला पुठ्ठ्याचा फलक तयार केला. प्रत्येक भोकाखाली वर्ष व टांकसाळ छापलेली असे. त्याच राज्यातील रसीन येथील व्हिटमन या प्रकाशनसंस्थेने पुढे हा व्यवसाय हाती घेतला आणि भिंतीवर लावण्याजोग्या फलकाऐवजी पुस्तकासारखी मिटणारी तीन पानांची निळी घडी बाजारात आणली. आज ‘फोल्डर’ म्हटल्यावर हीच घडी डोळ्यांसमोर येते.

या साध्या वस्तूने संग्रहाची रीत बदलली. छापलेल्या रिकाम्या भोकामुळे कोणते नाणे मिळायचे राहिले आहे हे मुलांनाही कळू लागले आणि खिशातील चिल्लर तपासण्याची सवय लागली. लिंकन सेंटच्या घडीतील १९०९ सालचे, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचे व शिल्पकाराची व्ही.डी.बी. ही आद्याक्षरे असलेले नाणे केवळ ४,८४,००० इतकेच पाडले गेले होते. त्यामुळे त्याचे भोक बहुतेकांच्या घडीत रिकामेच राही. एकाच प्रकारची नाणी वर्ष व टांकसाळीनुसार पूर्ण करण्याची पद्धत या घड्यांमुळे घरोघरी पोहोचली.

प्रमुख प्रकार

पुठ्ठ्याचा फोल्डर : यात नाणे भोकात अंगठ्याने दाबून बसवतात. तो स्वस्त, हलका व नवशिक्यास सोयीचा असतो. मात्र नाण्याची एकच बाजू दिसते, दाबताना बोटाचा ठसा उमटतो आणि उघड्या बाजूस हवा लागत राहते. सैल भोकातून नाणे गळून पडते, तर घट्ट भोकातून काढताना त्याच्या कडेला ओरखडे येतात. चलनात फिरलेल्या, कमी मूल्याच्या नाण्यांसाठीच तो योग्य होय.

पट्टीचा अल्बम : जाड पानातील आरपार भोकांच्या दोन्ही बाजूंनी पारदर्शक पट्ट्या सरकवलेल्या असतात. नाण्याच्या दोन्ही बाजू दिसतात व हाताचा स्पर्श टळतो. पट्टी आतबाहेर करताना मात्र ती नाण्याच्या सर्वांत उंच भागावर, म्हणजे बहुधा चेहऱ्याच्या गालावर किंवा केसांवर घासते व बारीक समांतर रेघा उमटतात. म्हणून या अल्बमातील नाणी वारंवार काढू नयेत. पट्टी सरकवण्यापूर्वी नाणे भोकात पुरते खाली बसले आहे याची खात्री करावी.

कप्प्यांची पाने : कड्यांच्या फाइलमध्ये बसणाऱ्या पारदर्शक पानांवर निरनिराळ्या मापांचे कप्पे असतात. पाने वाढवता, कमी करता किंवा क्रम बदलता येत असल्याने वाढत्या संग्रहास हा प्रकार सर्वांत लवचीक ठरतो. पान उलटताना नाणे कप्प्यात हलते, हा त्याचा दोष आहे. नाणे आधी चौकटीत घालून मग कप्प्यात ठेवल्यास तो दूर होतो.

पुठ्ठ्याची चौकट : सुमारे पाच सेंटिमीटर लांबी-रुंदीची ही चौकट मधोमध दुमडते. आतल्या गोल खिडकीला पातळ पारदर्शक पडदा असतो. नाणे ठेवून चौकट मिटतात आणि कडेला स्टेपलरच्या पिना मारतात किंवा चौकटीचाच डिंक वापरतात. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने किंवा शाईने नोंद करता येते. पिनेची उघडी टोके शेजारच्या नाण्याला ओरखडतात, म्हणून ती पकडीने चपटी करणे आवश्यक असते. नाणे बाहेर काढताना आधी सर्व पिना काढाव्यात, चौकट ओढून फाडू नये.

कॅप्सूल : कडक पारदर्शक प्लास्टिकची दोन झाकणे एकमेकांत बसून तयार होणारी ही गोल डबी असते. नाणे कडेने धरले जाते व पृष्ठभागाला काहीही टेकत नाही. माप अचूक असावे लागते. सैल डबीत नाणे खुळखुळते. न वापरलेली, चकचकीत स्मारक नाणी व चांदीची नाणी यांसाठी ही उत्तम मानली जाते.

सीलबंद कवच : तज्ज्ञ संस्था नाण्याचा खरेपणा व दर्जा ठरवून ते कडक कवचात कायमचे बंद करतात. अमेरिकेत १९८६ व १९८७ पासून अशा संस्था सुरू झाल्या. या कवचासाठी वेगळ्या मापाच्या पेट्या लागतात. ते सामान्य अल्बमात बसत नाही.

साहित्याची पारख

अल्बम निवडताना त्याच्या दिसण्यापेक्षा तो कशाचा बनला आहे हे पाहणे महत्त्वाचे असते. नाण्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मऊ पीव्हीसी, अर्थात पॉलिव्हिनिल क्लोराइड हे प्लास्टिक. मुळात कडक असलेले हे प्लास्टिक लवचीक करण्यासाठी त्यात तेलकट रसायने मिसळतात. काळ, उष्णता व ओलावा यांमुळे ती रसायने पाझरू लागतात आणि प्लास्टिकचे विघटन होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. नाण्यावर प्रथम धुरकट, मग हिरवट व चिकट थर जमतो. तांब्याची, तांबे-निकेलची व तांब्याचा अंश असलेली चांदीची नाणी याला लवकर बळी पडतात. थर ताजा असेपर्यंत शुद्ध ॲसिटोनने तो काढता येतो. आम्लाने धातू खाल्ला की पडलेले खड्डे मात्र भरून येत नाहीत. ॲसिटोन ज्वालाग्राही असल्याने हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. नखांचा रंग काढण्याच्या सुगंधी द्रवाचा त्यासाठी उपयोग करू नये.

पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिइथिलीन, पॉलिस्टायरीन व ॲक्रिलिक ही प्लास्टिके सुरक्षित समजली जातात. पॉलिएस्टरचा पडदा पातळ, कडक व करकर वाजणारा असतो. मऊ पीव्हीसी गुळगुळीत, लोंबणारे असते व त्याला नव्या पावसाळी रेनकोटासारखा वास येतो. वास व स्पर्श हे केवळ संकेत होत, पुरावा नव्हे. प्रयोगशाळेत बाइलस्टाइन चाचणीने क्लोरिनचा शोध घेता येतो. तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवतात, ती प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवतात आणि पुन्हा ज्योतीत धरतात. ज्योत हिरवी झाल्यास क्लोरिन असल्याचे कळते. यात विषारी धूर निघत असल्याने ही चाचणी शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या हवेच्या जागीच करावी.

कागद व पुठ्ठा आम्लरहित असावा. हलक्या पुठ्ठ्यातील आम्ल व गंधकयुक्त द्रव्ये चांदीला काळवंडतात आणि तांब्यावर डाग पाडतात. रबरबँडमध्येही गंधक असतो. नाण्यांच्या पुडक्याला गुंडाळलेल्या रबरबँडची काळी रेघ चांदीवर उमटलेली अनेकदा दिसते. चिकटपट्टी किंवा डिंक नाण्याला थेट लावणे सर्वथा टाळावे.

लाकडी पेटीही निर्धोक नसते. ओक लाकूड आणि प्लायवुडमधील गोंद यांतून आम्लयुक्त वाफा निघतात. शिशाच्या नाण्यांवर त्यांचा परिणाम सर्वांत तीव्र होतो. पृष्ठभागावर पांढरी भुकटी येऊन नाणे हळूहळू विरते. दख्खनमध्ये सातवाहनांची शिशाची व पोटीन या मिश्रधातूची नाणी मोठ्या संख्येने मिळतात, त्यामुळे महाराष्ट्रातील संग्राहकांना ही बाब ध्यानात घ्यावी लागते.

भारतीय नाण्यांचे आकार व अल्बमची निवड

परदेशी बनावटीचे छापील फोल्डर त्या त्या देशांच्या नाण्यांसाठी कापलेले असतात. भारतीय नाण्यांच्या संग्राहकाला बहुधा मापाप्रमाणे कप्पे निवडावे लागतात.

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. १६ आणे किंवा ६४ पैशांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. १९६४ मध्ये ‘नये’ हा शब्द गळून केवळ ‘पैसा’ राहिला. आरंभीचा नया पैसा १६ मिलीमीटर व्यासाचा म्हणजे अगदी लहान होता. ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया ३० मिलीमीटरहून थोडा मोठा व ११.६६ ग्रॅम वजनाचा असे. एकाच मापाच्या कप्प्यात ही दोन्ही नाणी नीट राहू शकत नाहीत.

आकारही गोलच असतो असे नाही. ब्रिटिशकाळात दोन आण्यांचे नाणे चौकोनी व एक आण्याचे नागमोडी कडेचे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील पैशाला मधोमध भोक होते. स्वातंत्र्यानंतर ॲल्युमिनियमचा एक पैसा व पाच पैसे चौकोनी, तीन व वीस पैसे षट्कोनी, तर दोन व दहा पैसे नागमोडी कडेचे निघाले. गोल भोकांच्या फोल्डरमध्ये ही नाणी बसत नाहीत, बसलीच तर त्यांचे कोपरे झिजतात. त्यांना चौकोनी कप्पे किंवा पडद्याच्या चौकटी योग्य ठरतात.

व्यास सारखा असूनही जाडी वेगळी असू शकते. १९९२ पासूनचे तांबे-निकेलचे पाच रुपयांचे नाणे २३ मिलीमीटरचे व ९ ग्रॅमचे होते. २०११ च्या मालिकेतील पाच रुपये त्याच व्यासाचे, पण ६ ग्रॅमचे आहेत. जुन्या जाड नाण्यावर चौकट नीट मिटत नाही व पडदा ताणून फाटतो. उलट स्टेनलेस स्टीलचा १९९२ चा एक रुपया आणि २०११ च्या मालिकेतील दोन रुपये हे दोन्ही २५ मिलीमीटरचे असल्यामुळे एकाच मापाची चौकट दोहोंना चालते. द्विधातूचे दहा रुपये व बारा बाजूंचे वीस रुपये ही दोन्ही नाणी २७ मिलीमीटरची आहेत. शंभर रुपये दर्शनी मूल्याची ४४ मिलीमीटरची स्मारक नाणी मात्र नेहमीच्या चौकटीत मावत नाहीत. त्यांच्यासाठी मोठ्या मापाची डबी घ्यावी लागते.

वर्ष व टांकसाळीनुसार संग्रह करणाऱ्यास वर्षाखालील खूण पाहावी लागते. सामान्यतः हिऱ्याची आकृती मुंबईची, तारा हैदराबादचा व गोल टिंब नोएडाचे असते. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. एका वर्षाच्या एका मूल्यासाठी चार जागा राखून ठेवल्यास पुढे पाने विस्कटावी लागत नाहीत. सर्व टांकसाळींनी दरवर्षी प्रत्येक मूल्याचे नाणे पाडलेले नसते, म्हणून काही जागा रिकाम्या राहणे स्वाभाविक आहे.

आहत नाणी, सातवाहन नाणी व शिवराई यांसारखी हाताने पाडलेली नाणी वेडीवाकडी व कमीअधिक जाडीची असतात. शिवराईवर ठशाचा काही भागच उमटलेला असतो. एका नाण्यावर ‘श्री राजा’ स्पष्ट असेल, तर दुसऱ्यावर ‘शिव’. अशा नाण्यांना ठरावीक मापाचे भोक असूच शकत नाही. मऊ, गंधकरहित अस्तराचे ट्रे किंवा सुट्या पॉलिएस्टरच्या पाकिटात नाणे व वेगळ्या कप्प्यात चिठ्ठी ही पद्धत त्यांना सोयीची पडते.

वजनाचाही विचार करावा. वीस कप्प्यांच्या एका पानात चांदीचे वीस रुपये ठेवले, तर नाण्यांचेच वजन सुमारे २३३ ग्रॅम होते. अशी दहा पाने म्हणजे सव्वादोन किलोहून अधिक भार. कडी वाकतात व पानांची भोके फाटतात. जड नाण्यांचा अल्बम पातळ ठेवावा. पाने लोंबू नयेत म्हणून तो शक्यतो आडवा ठेवणे बरे.

हवामान व साठवणुकीची जागा

कोकण, मुंबई व गोवा येथील दमट व खारी हवा तांब्याच्या नाण्यांना विशेष बाधक आहे. क्षारांचा अंश असलेल्या प्राचीन तांब्या-काशाच्या नाण्यावर ओलाव्यामुळे फिकट हिरवी, भुकटीसारखी पुटकुळी उठते. ती पसरत जाऊन नाणे पोखरते. असे नाणे दिसताच ते इतरांपासून वेगळे व कोरड्या जागी ठेवावे. जुन्या नाण्यावरील घट्ट, एकसारखा हिरवा किंवा तपकिरी थर मात्र रोग नसून संरक्षक कवच असते. तो खरवडू नये.

पावसाळ्यात अल्बम घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. ओलावा शोषल्यावर रंग बदलणारे जेल वापरल्यास ते केव्हा सुकवायचे हे समजते. पुडी नाण्याला टेकू देऊ नये. अल्बम बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात, स्वयंपाकघरात, माळ्यावरील तापणाऱ्या पेटीत किंवा देवघरातील धुपाच्या धुराजवळ ठेवणे अयोग्य होय. डांबरगोळ्यांच्या वाफा काही प्लास्टिकांना मऊ करतात, म्हणून त्या संग्रहापासून दूर असाव्यात. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे वर्षातून किमान दोनदा प्रत्येक पान तपासावे.

हाताळणी व स्वच्छता

नाणे नेहमी कडेने, अंगठा व तर्जनीत धरावे. खाली मऊ कापड असावे. घामातील मीठ व आम्ल तांब्यावर कालांतराने ठसा उमटवते.

महाराष्ट्रातील घरांत तांब्या-पितळेची भांडी चिंच, लिंबू किंवा राखेने लख्ख घासण्याची रीत आहे. नाण्याच्या बाबतीत ती घातक ठरते. आम्ल वरचा थर खाते, राख बारीक ओरखडे पाडते व नाणे चकाकले तरी त्याचे अभ्यासमूल्य आणि बाजारमूल्य दोन्ही घटतात. १९११ च्या रुपयाचे उदाहरण बोलके आहे. पंचम जॉर्जच्या वस्त्रावरील साखळीत कोरलेला इवलासा हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी त्या वेळी तक्रार झाली आणि १९१२ पासून आकृती सुधारली गेली. हा फरक काही मिलीमीटरच्या कोरीव कामात आहे. दोनचार वेळा घासलेल्या रुपयावर तो शोधूनही सापडत नाही.

लक्ष्मीपूजनाला चांदीची जुनी नाणी पूजण्याची प्रथा अनेक घरांत आहे. हळद-कुंकू, दूध व पाणी यांचे अंश अक्षरांच्या खोबणीत साचतात. पूजेची नाणी वेगळी राखून संग्रहातील नाणी त्यापासून अलग ठेवल्यास परंपरा व संग्रह दोन्ही सांभाळले जातात.

नोंद व एकत्र सापडलेली नाणी

अल्बम नाण्यांना क्रम देतो, पण तोच क्रम कधी कधी माहिती पुसून टाकतो. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांवर मिळवलेल्या विजयाचा हा भक्कम पुरावा ठरला. एखाददुसरे नाणे असे काही सांगू शकले नसते. साठा एकत्र मोजला गेला म्हणूनच पुनर्मुद्रित व मूळ नाण्यांचे प्रमाण कळले.

म्हणून एकाच ठिकाणी मिळालेली जुनी नाणी राजा, वर्ष किंवा धातू यांनुसार निरनिराळ्या पानांवर विखरू नयेत. त्यांना स्वतंत्र पाने द्यावीत. प्रत्येक नाण्यामागे क्रमांक, धातू, वजन, व्यास, लेख, कोठून व केव्हा मिळाले आणि किंमत यांची नोंद करावी. तीच नोंद वेगळ्या वहीत ठेवावी, कारण संग्राहकाच्या मागे त्याच्या वारसांच्या हाती बहुधा केवळ अल्बमच उरतो व नोंदीवाचून ती नाणी मुकी होतात. जमिनीत सापडलेल्या गुप्तधनास १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा लागू होतो व दहा रुपयांहून अधिक मूल्याचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाहीत.

निवडीचा क्रम

अनुभवी संग्राहक प्रथम संग्रहाचा विषय ठरवतात, मग नाण्यांची मापे घेतात आणि शेवटी अल्बम विकत घेतात. शालेय विद्यार्थ्याच्या चलनातील नाण्यांसाठी साधा फोल्डर किंवा पुठ्ठ्याच्या चौकटी व पॉलिप्रॉपिलीनची पाने पुरेशी आहेत. चांदीच्या व न वापरलेल्या नाण्यांवर कॅप्सूलचा खर्च करावा. प्राचीन व मराठाकालीन नाण्यांना ट्रे किंवा सुटी पाकिटे घ्यावीत. साहित्याचे नाव न छापलेला अल्बम कितीही देखणा असला तरी मौल्यवान नाण्यांसाठी टाळावा. घरात आधीपासून मऊ पीव्हीसीची पाने असतील, तर सर्वप्रथम तांब्याची व चांदीची नाणी बाहेर काढावीत. ॲल्युमिनियमची व स्टेनलेस स्टीलची नाणी नंतर हलवली तरी चालते.

नाण्यांची मांडणी व जतन प्रत्यक्ष पाहण्यासाठी मुंबईतील भारतीय रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय उपयुक्त आहे. नाशिकजवळील अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था असून तेथे या विषयाचे ग्रंथालय व संग्रहालय आहे.